थकबाकीतला काळ

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक वसविण्याची विद्या आता इतकी रुळली आहे की, त्या आतल्या व्हर्च्युअल मशीनला स्वतःचे घड्याळ नसते आणि यजमान यंत्र जी वेळ कळवील तिच्यावरच त्याची सारी भिस्त असते, ही गोष्ट प्रोसेसर तापेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

1993 सालच्या पेंटियमपासून प्रोसेसरात टाइम स्टॅम्प काउंटर नावाचा एक गणक तैनात झाला. तो प्रत्येक स्पंदनागणिक एकाने वाढत असल्यामुळे, यंत्र सुरू होताना त्याचा वेग सेकंदाला 11,93,182 ठोके देणाऱ्या जुन्या टायमरशी एकदा ताडून मुक्रर करावा आणि पुढे त्याच दराने वेळ मोजावी, अशी वहिवाट पडली. परंतु तापल्यामुळे म्हणा वा वीज वाचविण्यासाठी म्हणा, पेंटियम एमसारखा प्रोसेसर 1.6 गिगाहर्ट्झवरून 600 मेगाहर्ट्झवर उतरला की गणकही मंदावे. आणि आतले यंत्र जुन्याच दराने भागाकार करीत राहिल्यास बाहेर मिनिट उलटले तरी त्याच्या लेखी साडेबावीस सेकंदच होत.

पुढे, 2008 च्या नेहालेम पिढीपर्यंत, इंटेलने गणकाला गतीच्या चढउतारांपासून मुक्त केले. तरीही काळजी मिटली असे मानणे भोळेपणाचे ठरेल. उष्म्याने यजमानाचे काम रखडले की पाहुण्या यंत्राची पाळी लांबते, आणि जी यंत्रणा टायमरचे ठोके मोजूनच दिवस काढते (लिनक्स 2.6 आरंभी सेकंदाला हजार ठोके मागत असे) तिची ठोक्यांची थकबाकी साचते; आतली यंत्रे चालविणाऱ्या हायपरव्हायजरने ती एकदम चुकती केली तर घड्याळ धावत सुटते, बुडीत खाती टाकली तर मागे पडते.

माझ्या मते मागे पडण्याहून मागे सारले जाणे अधिक घातक. नेटवर्कवरून वेळ जुळविणारा एनटीपी घड्याळाला हळूहळू वळविताना सेकंदामागे 500 मायक्रोसेकंदांची, म्हणजे दिवसाला 43.2 सेकंदांचीच मुभा घेतो. फरक 128 मिलिसेकंदांपलीकडे टिकून राहिला तर मात्र तो सरळ उडी मारतो. पुढे गेलेले घड्याळ अशा उडीने मागे आले की नुकत्याच लिहिलेल्या फाइलीवर भविष्यातली तारीख दिसते, आणि प्रोग्राम बांधणारा 'मेक' काय जुने नि काय नवे याचा निवाडा चुकवितो. पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली, तर ओळख पटविणाऱ्या कर्बेरॉस यंत्रणेची प्रचलित मर्यादा ओलांडली जाऊन, परवलीचा शब्द बिनचूक असूनही, प्रवेशाचा अर्ज नामंजूर होतो. आणि बिचारा व्यवस्थापक पंख्यातली धूळ सोडून खातेदारांची दप्तरे चाळीत बसतो.