‘चार्ज’ : एक शब्द, अनेक भार

काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की ते परके आहेत याचे भानही राहत नाही. ‘चार्ज’ हा त्यांपैकीच एक. मोबाईल आपण चार्जिंगला लावतो. वर्तमानपत्रात लाठीचार्जची बातमी वाचतो. पासबुकात ‘चार्जेस’ म्हणून वजा झालेली रक्कम पाहून कपाळाला आठ्या पडतात. बदली झालेला अधिकारी नव्या अधिकाऱ्याकडे ‘चार्ज’ सोपवतो, न्यायालयात आरोपीवर ‘चार्ज’ ठेवला जातो आणि आजारी माणूस बरा झाला की त्याला ‘डिस्चार्ज’ मिळतो. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा.

या साऱ्या अर्थांचे मूळ एका गाडीत आहे. प्राचीन गॉल लोकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीतील रहिवाशांच्या भाषेतून लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ हा गाडीवाचक शब्द आला. त्यावरून ‘गाडीत माल भरणे’ असे क्रियापद तयार झाले. फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्जे’ झाले आणि तेथून तो शब्द इंग्रजीत उतरला. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरील ‘कार्गो’ ही याच घराण्यातील भावंडे. हंगामात यवतमाळ, वणी, दारव्हा, पांढरकवडा येथील बाजारांकडे निघालेल्या कापसाच्या भरगच्च बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

गाडीवर लादलेले ओझे पुढे अनेक रूपे घेत गेले. बंदुकीत भरलेली दारू हा तिचा ‘चार्ज’ झाला. माणसावर सोपवलेली जबाबदारी, त्याच्यावर ठेवलेला ठपका आणि त्याने भरावयाची रक्कम हीही ओझीच ठरली. विजेचे शास्त्र उदयास आले तेव्हा वस्तूत साठलेल्या विजेलाही हेच नाव मिळाले.

मराठीत हे अर्थ स्वतंत्र शब्दांनी व्यक्त होतात. मात्र त्यांतील कितीतरी शब्दांत ‘भार’च दडलेला आहे. पदाचा चार्ज तो कार्यभार, तो सांभाळणारा प्रभारी, विजेचा चार्ज तो विद्युतभार, सरचार्ज तो अधिभार. फ्रेंचांनी गाडीवरून जी कल्पना घेतली, तीच आपण संस्कृत धातूवरून घेतली. पोलिसांच्या लाठीचार्जला मात्र आपण ‘लाठीमार’ म्हणतो, न्यायालयातील चार्जला ‘आरोप’ म्हणतो, आणि तेच योग्य आहे.

फ्रेंच माणूस आज हा शब्द कसा वापरतो हेही पाहण्यासारखे आहे. तिकडे ‘शार्ज’मध्ये ओझ्याचा अर्थ अजून ताजा आहे. ट्रकमध्ये माल भरणे आणि फोन चार्ज करणे या दोहोंना ‘शार्जे’ हे एकच क्रियापद चालते. घरभाड्याच्या जाहिरातीत ‘शार्ज’ म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च. राजदूताच्या अनुपस्थितीत दूतावास सांभाळणाऱ्याला साऱ्या जगात ‘शार्जे दाफेर’ याच फ्रेंच नावाने ओळखतात. परंतु इंग्रज जेथे सरसकट ‘चार्जेस’ म्हणतो, तेथे फ्रेंच माणूस खर्चाला ‘फ्रे’ म्हणतो, तर डॉक्टर वा वकिलाच्या मानधनाला ‘ओनोरेर’.

या बाबतीत आपली व्यापारी मराठी फ्रेंचपेक्षाही काटेकोर आहे. बाजारात माल उतरवला की हमाली, वजन केले की तोलाई, आडत्याची ती आडत, दलालाची ती दलाली, वाहतुकीचे ते भाडे. शिंप्याची शिलाई, सोनाराची घडणावळ, हुंडीवरची हुंडणावळ. कोणत्या कामाचे पैसे द्यावयाचे हे नावातच स्पष्ट असे. आता सोनाराच्या पावतीवर ‘मेकिंग चार्जेस’ लिहिलेले असते आणि घडणावळ हा सुरेख शब्द आजीबरोबरच मागे पडला आहे.

विजेच्या देयकात मात्र हा काटेकोरपणा टिकून आहे. त्यात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशी नावे असतात; त्याखेरीज ‘वीज शुल्क’ वेगळे आणि ‘मंजूर भार’ वेगळा. आकार म्हणजे पुरवठ्याबद्दल आकारलेली रक्कम, शुल्क म्हणजे शासनाचा कर आणि भार म्हणजे आपल्या जोडणीची मंजूर क्षमता. हा भेद ध्यानात ठेवला तर देयक वाचणे सोपे जाते.

बँकेत या शब्दाचा एक अर्थ सर्वांत गंभीर आहे. कर्जासाठी जमीन तारण दिली की तिच्यावर बँकेचा ‘चार्ज’ चढतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने गहाण आणि चार्ज यांत भेद केला आहे. गहाणात मालमत्तेतील हितसंबंध धनकोकडे जातो. कलम १०० मधील चार्जमध्ये तो जात नाही. मालमत्ता केवळ त्या रकमेला बांधली जाते. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात याची नोंद ‘बोजा’ म्हणून होते. बोजा म्हणजे पुन्हा ओझेच! त्याच उताऱ्यावर ‘आकारणी’ही असते, पण ती शासनाच्या महसुलाची. एका कागदावर दोन ‘चार्ज’, आणि दोघांचे धनी वेगळे.

नोकरीच्या काळात एका वयोवृद्ध शेतकऱ्याला मी म्हणालो होतो, “तुमच्या शेतावर चार्ज चढवावा लागेल.” त्याने घाबरून विचारले, “साहेब, आमी कोनता गुन्हा केला जी?” मी ‘बोजा’ म्हणताच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला. ते ओझे त्याच्या परिचयाचे होते.

खरा त्रास पुढे होतो. कर्ज फिटले, थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला, तो कपाटात गेला. पण सातबाऱ्यावरील बोजा तसाच राहिला. काही वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी एकर-दोन एकर विकावयाचे ठरते, ग्राहक उतारा पाहतो आणि व्यवहार अडतो. म्हणून कर्जफेडीनंतर बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे जावे, फेरफार झाल्याची खात्री करावी आणि नवा उतारा काढून स्वतः वाचावा. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून नियमच केला आहे : संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावयाची व नोंदणीतील चार्ज काढावयाचा, बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई. येथे ‘चार्ज काढणे’ याचा अर्थ ‘शुल्क माफ करणे’ असा घेतला तर आपला हक्क आपल्याला कळणारच नाही.

शेतीकर्जदारांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणाची अट लावू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मर्यादेच्या आत असाल, तर जमिनीवर बोजा कशासाठी, हे विनयाने पण स्पष्टपणे विचारावे.

आपल्या घरातील तरुण पिढी आता मोबाईलवरच कर्जाचे करार स्वीकारते. त्यात ‘चार्ज’ हा शब्द पानोपानी येतो; कोठे शुल्क म्हणून, तर कोठे मालमत्तेवरील बोजा म्हणून. वडीलधाऱ्यांनी मुलांच्या शेजारी बसून तो करार एकदा वाचावा आणि हा शब्द आला की ‘येथे कोणता चार्ज?’ असे विचारावे. उत्तर मराठीत देता आले, तरच स्वाक्षरी करावी.