कणगीतील दमटपणा आणि प्रकाशणारा पापुद्रा

१९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका साठविला व खाल्ला गेला. त्यावरील बुरशीने निर्माण केलेल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृताचा विकार होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी धरण्यापूर्वीच दमटपणा ओळखावयास हवा.

दाणा दाताखाली कडकन फुटला की वाळला, ही जुनी परीक्षा चांगली आहे. परंतु तीसाठी कोठी उघडावी लागते. बंद कोठीत दाणा व भोवतालची हवा यांच्या ओलाव्याचा काही दिवसांत मेळ बसतो. त्यामुळे हवा मोजली की दाण्याची स्थिती कळते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ ते ७० च्या आत असल्यास बुरशी सहसा वाढत नाही. शेकडा ७० आर्द्रतेला गव्हात शेकडा १४ च्या सुमारास पाणी असते. तेलकट शेंगदाण्यात मात्र अवघे ७ ते ८. गव्हाला सोसणारा ओलावा शेंगदाण्यास घातक ठरतो तो यामुळेच. हवेची मर्यादा मात्र दोहोंस जवळजवळ एकच.

ही आर्द्रता प्रकाशाने दाखविणारे पापुद्रे शास्त्रज्ञांनी तयार केले आहेत. पाणी शोषणाऱ्या बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, विशिष्ट रंगद्रव्य मिसळून पातळ थर करतात. जंबुपार किरण पडताच हे रंगद्रव्य दृश्य प्रकाश देते. ट्यूबलाइटच्या नळीतील लेप उजळतो तो याच गुणाने. हवेतील बाष्प शिरले की थर किंचित फुगतो, रंगद्रव्याचे कण पाण्याने वेढले जातात आणि प्रकाश मंदावतो किंवा त्याचा रंग पालटतो. काचेच्या झरोक्यातून दिवा दाखविला की कोठी न उघडता आतील हवेची स्थिती समजते. असा पापुद्रा पारखण्यास मिठाचा संपृक्त द्राव असलेली बंद बरणी पुरते. तीत आर्द्रता शेकडा ७५ च्या आसपास स्थिर राहते. कडक उन्हात मात्र पुष्कळशी रंगद्रव्ये फिकी पडतात. हे पापुद्रे मुख्यतः प्रयोगशाळेतच वापरले जातात.

खेड्यात त्याच मिठाचा उपयोग सरळ करता येतो. मीठ तव्यावर कोरडे भाजून निववावे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे मीठ व एकतृतीयांश भाग धान्य घालून बूच लावावे, मिनिटभर जोराने हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटल्यास धान्यात शेकडा १५ हून अधिक पाणी आहे. ते पुन्हा वाळवावे. न चिकटल्यासही दीर्घ साठवणीसाठी शेकडा १२ पर्यंत वाळविणे इष्ट.