चौथ्याची टोपी

चार जणांना रांगेत उभं करा. पहिल्या तिघांनी वाटलं तर टोपी घालायची, वाटलं तर नाही. चौथ्याला मात्र सूट नाही. रांगेतल्या एकूण टोप्या सम झाल्या पाहिजेत, हे बघूनच त्यानं टोपी घालायची किंवा खिशात ठेवायची. (एकही टोपी नसली तरी चालतं, शून्यही समच!)

आता तुम्ही पाठ फिरवा आणि कुणा एकाला गुपचूप पळून जायला सांगा. पळालेल्याच्या डोक्यावर टोपी होती का? उरलेल्या टोप्या मोजा. विषम आल्या तर होती, सम आल्या तर नव्हती. पळालेला कितवाही असो, उत्तर चुकत नाही.

संगणकही हाच खेळ खेळतो. टोपी म्हणजे १, उघडं डोकं म्हणजे ०, आणि मुलांच्या जागी हार्ड डिस्क. एक डिस्क बंद पडली की उरलेल्यांवरून तिच्यातलं सगळं पुन्हा लिहून काढता येतं. अशा बांधलेल्या डिस्कना म्हणतात 'रेड'. अमेरिकेत बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली हे नाव रूढ केलं. आपला टोपीचा खेळ म्हणजे रेड ५. त्यात चौथ्याचं काम सगळ्या डिस्क आळीपाळीनं करतात, एवढाच फरक.

आपल्या हिंगोलीत याचं काय काम? औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. तिला २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील आणि त्यांतून लेझरचा प्रकाश ये-जा करेल. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. तिथं मुख्य नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते, म्हणजे दिवसाला १४१ कोटींहून जास्त आकडे! १४ सप्टेंबर २०१५ ला त्या आकड्यांत एक थरथर सापडली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, त्याची. थरथर टिकली जेमतेम पाव सेकंद. नेमकी तेवढी नोंद बिघडलेल्या डिस्कसोबत गेली असती तर? ती विवरं काय पुन्हा आदळणार आहेत?

घरच्या संगणकातही बऱ्याच मदरबोर्डवर रेडची सोय असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. बोर्डाची सेटिंग उघडली की डिस्कच्या पानावर 'रेड' निवडायचं, मग कोणत्या डिस्क आणि कितवा प्रकार ते सांगायचं. दोनच डिस्क असतील तर रेड १ बरा, एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवर. पण थांबा! जोडणी करताना डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं जातं. मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच हात लावा.

आणि रेड ०? तो वेगवान, पण त्यात चौथी टोपीच नाही. मी वेगाला भुललो होतो. एक डिस्क गेली आणि वसमतला हळद शिजवतानाचे, वाफेत बुडालेल्या कढयांचे माझे सगळे फोटो गेले. रेड १ मध्येही आपणच फोटो पुसला तर तो दोन्हीकडून जातो बरं का, म्हणून वेगळी प्रत हवीच.

आता एक कोडं. रांगेतले दोघे एकदम पळाले, तर टोप्या मोजून कळेल? करून बघा. टोप्या कमी पडल्या तर रुमाल चालतील.