नांगरलेलं शेत, अंड्यांची टोपली आणि एक मोटार

नुकतंच नांगरलेलं शेत. गाडीत अंड्यांनी भरलेली टोपली ठेवायची, गाडी त्या ढेकळांतून थेट आडवी न्यायची आणि पलीकडच्या बांधाला पोचल्यावर एकही अंडं फुटलेलं नसावं. १९३० च्या दशकात सिट्रोएन या फ्रेंच कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना घातलेली ही अट. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन गाडी बाजाराला जावी, ताशी साठ किलोमीटर वेगाने धावावी आणि शंभर किलोमीटरला तिने तीन लिटरच पेट्रोल प्यावं, हेही त्यात होतंच. घोडागाडीतून बाजार गाठणारा खेड्यातला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बुलांजे चांगले उंच होते. नमुन्याच्या गाडीत ते हॅट घालूनच बसत आणि हॅट छताला टेकली की आराखडा परत पाठवत.

या अटींतून जन्मलेली गाडी म्हणजे सिट्रोएन टूसीव्ही. गोल पाठ, बाहेर आलेले दोन दिवे, कापडी छत आणि पन्हळी पत्र्याचं नाक. डच आणि जर्मन लोक तिला लाडाने बदक म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती विचित्र वाटते, पण तिच्यातली एकही विचित्र गोष्ट उगाच केलेली नाही. जगभरच्या चाहत्यांचं तिच्यावरचं प्रेम नुसतं जुन्या दिवसांच्या आठवणींवर पोसलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. या गाडीला कुठेही हात लावून ‘हे असं का?’ विचारलं की तिच्याकडे उत्तर असतं.

अंड्यांचंच घ्या. टूसीव्हीचं प्रत्येक चाक स्वतःच्या लांब दांड्यावर बसवलेलं आहे. पुढचे दांडे पुढे आलेले, मागचे मागे गेलेले. गाडीच्या प्रत्येक बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, एक नळकांडं आडवं झोपलेलं असतं आणि त्यात दोन स्प्रिंगा असतात, एक पुढच्या चाकाची, एक मागच्या. खरी गंमत अशी की हे नळकांडं चौकटीला घट्ट जखडलेलं नाही, ते थोडं पुढेमागे सरकू शकतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा स्प्रिंग ओढतो, स्प्रिंगेबरोबर नळकांडं पुढे सरकतं आणि त्या ओढीने मागचं चाक खाली दाबलं जाऊन गाडीची मागची बाजू किंचित उचलली जाते. म्हणजे पुढच्या चाकाला बसलेल्या धक्क्याची वर्दी मागच्या चाकाला आधीच मिळते! नाक वर आणि शेपटी खाली असं हिंदकळणं त्यामुळे कमी होतं. सुरुवातीच्या गाड्यांत शिवाय प्रत्येक चाकापाशी एक बंद डबा होता आणि त्यात स्प्रिंगेवर तोललेलं वजन. चाक थरथरू लागलं की हे वजन उलट हलून ती थरथर गिळून टाकी. ना इलेक्ट्रॉनिक्स, ना पंप. नुसत्या स्प्रिंगा, सळ्या आणि वजनं यांच्या जोरावर एवढी समज एखाद्या यंत्रात असावी, याचं नवल ओसरत नाही.

या मऊपणाची किंमत वळणावर दिसते. गाडी इतकी कलते की बाहेरून पाहणाऱ्याला ती आता उलटणार असं वाटतं. ती उलटत नाही. वजन खालच्या बाजूला असल्यामुळे तिची अरुंद चाकं रस्ता सोडत नाहीत.

इंजिनात तर वजाबाकीची कमाल आहे. ते घडवलं शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं केलेल्या वॉल्टर बेकिया यांनी. समोरासमोर आडवे दोन सिलिंडर, पहिल्या गाडीत अवघे ३७५ सीसी आणि नऊ अश्वशक्ती. थंड करायला वारा पुरतो, म्हणून रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचा पंप नाही. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला. डिस्ट्रिब्युटरही नाही. दोन्ही स्पार्क प्लग एकाच वेळी ठिणगी टाकतात. एक कामी येते, दुसरी वाया जाते, आणि ती वाया घालवणं एक नाजूक भाग सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडतं. सिलिंडर हेडला गॅस्केट नाही, कारण पृष्ठभाग इतके काटेकोर घासलेले की त्याची गरजच उरू नये.

बाकीच्या करामतीही अशाच. पन्हळीमुळे पातळ पत्र्याला ताठपणा आला. पहिल्या गाड्यांचे वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालत, त्यामुळे गाडी थांबली की हाताने फिरवावे लागत. टाकीतलं पेट्रोल पट्टी बुडवून मोजायचं. सीट म्हणजे नळ्यांची चौकट आणि तिच्यात बाज विणावी तसे ताणलेले रबरी पट्टे. ही सीट उचलून बाहेर झाडाखाली ठेवता येते आणि तिच्यावर बसून जेवता येतं.

१९३९ साली सुमारे अडीचशे गाड्या तयार होत्या. शरद ऋतूतल्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या मांडायच्या होत्या. पण महायुद्ध पेटलं. जर्मनांच्या हाती काही लागू नये म्हणून बहुतेक गाड्या मोडून टाकल्या आणि मोजक्या दडवल्या. त्यांतल्या तीन गाड्या ला फेर्ते-विदाम इथल्या कंपनीच्या चाचणी केंद्रातल्या एका कोठाराच्या माळ्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात सापडल्या. त्यांना एकच हेडलाइट आहे, कारण तेव्हाच्या फ्रेंच कायद्याला एक पुरत होता. अखेर ऑक्टोबर १९४८ मध्ये गाडी लोकांपुढे आली. पत्रकारांनी टर उडवली, पण गिऱ्हाइकांनी रांग लावली आणि ती रांग काही वर्षांपर्यंत लांबली. खेड्यातले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, धर्मगुरू, शेतकरी अशा खऱ्या गरजूंना कंपनी आधी गाडी देई. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती.

शेतासाठी केलेली ही गाडी पुढे जग फिरली. १९५८-५९ मध्ये झाक सेगेला आणि झाँ-क्लोद बोदो हे दोन तरुण टूसीव्हीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि सुमारे एक लाख किलोमीटर फिरून आले. चिलीच्या आटाकामा वाळवंटात गिअरबॉक्समधलं तेल गेलं, तेव्हा त्यांनी त्यात केळी भरून गाडी हाकल्याची हकीकत चाहते आजही रंगवून सांगतात. १९७० मध्ये तर शेकडो टूसीव्ही पॅरिसहून काबूलला जाऊन परत आल्या. साध्या पान्ह्यांनी वाटेत उघडता येणारी, जोडता येणारी गाडी नसती, तर हे धाडस त्या मुलांनी केलं असतं का?

आजच्या चाहत्यांचा जीवही तिथेच अडकलेला आहे. दरवाजा वर सरकवला की बिजागरीतून निघतो. मडगार्ड मोजक्या बोल्टांवर असतं. अख्खी बॉडी चौकटीवरून उचलता येते. या गाडीचा खरा शत्रू गंज. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चौकटी आजही बनतात आणि साठ वर्षांची बॉडी त्यांच्यावर पुन्हा चढते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या गाडीच्या मित्रांचा पहिला जागतिक मेळावा भरला. आता दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत हजारो टूसीव्ही गोळा होतात, तंबू पडतात आणि कुणाच्या तरी गाडीखाली कुणीतरी अनोळखी माणूस मदतीला आडवा झालेला असतो. मालकाने स्वतः उघडून, समजून घेऊन दुरुस्त करावं असं यंत्र आज बाजारात जवळजवळ मिळत नाही, आणि हे नुकसान मला छोटं वाटत नाही.

शेवटची टूसीव्ही २७ जुलै १९९० रोजी पोर्तुगालमधल्या मांग्वाल्दे इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. तोवर ३८ लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. पॅरिसमध्ये मात्र या गाडीतून पर्यटकांना शहर दाखवणाऱ्या फेऱ्या अजून निघतात. तिकडे जाणं झालंच, तर मागच्या सीटवर बसा, छत गुंडाळायला सांगा, दगडी फरसबंदीच्या एखाद्या रस्त्याने न्यायला सांगा. आणि उतरण्याआधी चालकाला बॉनेट उघडून दाखवण्याची विनंती जरूर करा.