बिलावरचा बोटीचा नंबर

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले, ५ आणि १८ राहिले, मोजक्या वस्तूंवर ४० आला. दर बदलायचेच आहेत तर हिशेबाचे सॉफ्टवेअर, टॅलीही, नवे करून घेऊ, असे म्हणत मुंबईतल्या खारदांड्याच्या एका दुकानाने त्याच आठवड्यात नवे रिलीज टाकून घेतले. दुकान जाळी, दोर, बोये आणि इंजिनाचे सुटे भाग विकते. गिऱ्हाईक म्हणजे दांड्याचे नाखवे, बोटींचे मालक. नव्या रिलीजवर पहिले बिल छापले आणि त्यावर बोटीचा नंबर नव्हता. बोटवार उधारीचा रिपोर्ट मेनूतून गेला होता. वर्षानुवर्षे ही दोन्ही कामे मुकाट करणारी, टॅलीला जोडलेली टीसीपी फाइल नव्या आवृत्तीवर चढेना.

फाइल करून देणाऱ्याने धंदा सोडलेला. त्याची गिऱ्हाइके ज्याने घेतली तो म्हणाला, मूळ कोड माझ्याकडे नाही, नव्याने करून घ्या, आणि आता एकदाच पैसे देऊन भागणार नाही, दर वर्षाचे भाडे पडेल. मी या दुकानाचे आणि आसपासच्या आणखी काही जणांचे हिशेब आयुष्यभर पाहिले. त्या दिवशी मला जितका राग आला तितका वॅटच्या नोटिसांनीही कधी आला नव्हता. राग पैशांचा नव्हता. ज्या फाइलीत आमच्या गावठाणाच्या उधारीची रीत लिहिलेली होती, ती परक्याच्या खिशात गेली आणि तिथेच हरवली, याचा होता.

महाराष्ट्रात वॅट १ एप्रिल २००५ ला आला, त्याला २०२५ मध्ये वीस वर्षे झाली. आमच्याकडे टॅलीत स्वतःच्या गरजेचे बदल करून घेण्याची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून हा मागोवा.

त्याआधीचे लवकर उरकतो. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्या-कारखान्यांना माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये बेंगळुरूत टॅलीची कंपनी निघाली. पुढे २०२० मध्ये भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे खात्यांना सांकेतिक आकडे देण्याची सक्ती काढली. खात्याचे नाव टाइप केले की झाले. कीर्द-खतावणीवर वाढलेल्या माणसाला संगणक परका वाटला नाही, तो यामुळे. नव्वदच्या दशकातली डॉसवरची टॅली, फ्लॉपी, मग विंडोज, हे सगळे मी पाहिले, पण त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. दुकानदार लाल वहीतच लिहीत होते, दिवाळीला तिचीच पूजा होत होती, आणि वर्षअखेरीस सीएच्या ऑफिसात कोणी पोरगा ते सगळे टॅलीत भरत होता.

वॅटने हे उलटे केले. मुंबई विक्रीकर कायदा १९५९ चा होता, व्यापाऱ्यांनी त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवून टाकले होते. वॅटमध्ये मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळायची, आणि त्यासाठी प्रत्येक बिल त्या त्या दिवशी नीट नोंदलेले हवे. संगणक सीएच्या ऑफिसातून उठून गल्ल्यापाशी आला. टॅली ७.२ आमच्या गल्लीत आली ती अशी. आली आणि लगेच कळले की तिच्यात नाखवा बसतो, पण बोट बसत नाही.

ही अडचण बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. टॅलीत उधारी खात्यावर पडते आणि खाते माणसाचे. आमच्याकडे उधारी बोटीची. एका नाखव्याच्या दोन बोटी असतात, एकीत भावाची भागी असते, दुसरीत नसते. जाळे कुठल्या बोटीला गेले ते बिलावर नसेल, तर हंगामाच्या शेवटी खलाशी, तांडेल आणि भागीदार यांची वाटणी करताना भांडण ठरलेले. आमच्या सीएंनी सांगितले की कॉस्ट सेंटर वापरा, आत आहेच. चालले असते. पण गल्ल्यावर मालकिणीची सून बसायची, समोर दोन गिऱ्हाइके उभी, आणि प्रत्येक बिलात तिने आणखी एक खिडकी उघडून वाटणी भरायची? शिवाय बिलावर ते हवे तसे छापून येत नव्हते ते वेगळेच. हिशेब लिहिणाऱ्याच्या हाताचा विचार न करता सल्ला देणाऱ्यांशी माझा तेव्हाही वाद होता, आजही आहे.

मग कोणीतरी विक्रोळीच्या एका मुलाचे नाव सुचवले. तो टीडीएल लिहायचा. टॅलीचे स्वतःचे पडदे ज्या भाषेत बांधलेले आहेत तीच ही भाषा, आणि तिच्यात बाहेरच्या माणसालाही भर घालता येते. रिपोर्टच्या आत फॉर्म, फॉर्मच्या आत पार्ट, पार्टमध्ये लाइन, लाइनमध्ये फील्ड, अशी तिची उतरंड. मूळ फॉर्मच्या नावाआधी # हे चिन्ह टाकले की नवा फॉर्म बनत नाही, आहे त्यातच आपली ओळ जोडली जाते. विक्रीच्या व्हाउचरमध्ये ‘बोट क्रमांक’ अशी एक जागा अशाच दहा-बारा ओळींत तयार होते.

त्या मुलाचे कौतुक मला ओळी लिहिण्यासाठी नाही. तो आधी दुकानात येऊन बसला. कागदी बिलबुके चाळली, सुनेला विचारले, मालकाला विचारले, उधार नेणाऱ्या नाखव्यालाही विचारले. त्यातून त्याला जे उमगले ते आमच्यापैकी कोणी त्याला नेमके सांगितले नव्हते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. आता ती १ जून ते ३१ जुलै असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, नवा दोर आणि नवे जाळे याच महिन्यांत लागते, आणि हातात पैसा याच महिन्यांत नसतो. पैसा येतो तो नारळी पौर्णिमा झाल्यावर, मासळी लागू लागली की. टॅलीचा थकबाकीचा रिपोर्ट मात्र दिवस मोजतो: तीस, साठ, नव्वद. त्याच्या हिशेबाने जूनमध्ये माल नेलेला प्रत्येक नाखवा सप्टेंबरात बुडव्या ठरायचा, आणि फेब्रुवारीत, भर हंगामात, पैसे हातात असून न देणारा मात्र त्या यादीत खाली राहायचा. त्या मुलाने दुसरा रिपोर्ट लिहिला. बंदीच्या काळातल्या बिलाचे दिवस हंगाम सुरू झाल्यापासून मोजायचे, बाकीच्यांचे बिलाच्या तारखेपासून. बोटवार बेरीज, शेवटी नाखव्याची. दुकानाच्या मालकाने तो छापील कागद पाहिला आणि म्हणाला, हे तर माझ्या डोक्यात असते.

इतके सांगण्याचे कारण, अशा बदलांना नंतर ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणू लागले, जणू वरून चिकटवलेली शोभा. आमच्यासाठी धंद्याचा हिशेब तोच होता. मच्छीमार सोसायट्यांचेही तेच. कोणत्या बोटीने किती लिटर डिझेल उचलले, मंजूर कोट्यातले किती राहिले, सरकारकडून कराचा परतावा किती येणे आहे, हे बोटवार मांडल्याशिवाय सोसायटीचे पान हलत नाही. जीएसटी आला तरी डिझेल त्याच्या बाहेर राहिले, त्यावर अजून वॅटच आहे, तेव्हा ती नोंदवही आजही तशीच लागते.

बदल बसवण्याची त्या मुलाची पद्धतही लिहून ठेवावी अशी होती. आधी बॅकअप. मग कंपनीच्या डेटाचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून त्या प्रतीवर चाचणी. तेव्हा टॅली.आयएनआय या फाइलीत ‘यूजर टीडीएल’ समोर येस लिहून खाली फाइलचा पत्ता द्यावा लागे. २००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आली आणि तेच काम आतून होऊ लागले: एफ १२, प्रॉडक्ट अँड फीचर्स, एफ ४, पत्ता, येस. नंतर जुनी बिले उघडून पाहायची, नवी दोन-तीन छापायची, ती सुनेला दाखवायची, आणि ती हो म्हणाली तरच खऱ्या डेटावर जायचे. दुकानात एक वही ठेवलेली होती. तारीख, फाइलचे नाव, काय बदलले, हे तो तिच्यात हाताने लिहायचा. आणि टीडीएलची साधी टेक्स्ट फाइल तो त्याच संगणकावर ठेवून जायचा. उघडून कोणीही वाचावी. ‘हिशेब तुमचा आहे, तुमच्याकडे राहू दे,’ असे म्हणायचा. २०१० च्या सुमारास तो गुजरातेत एका कारखान्यात नोकरीला गेला. चांगली नोकरी होती, जायलाच हवे होते.

त्याच्यानंतर आलेल्याने पहिल्याच भेटीत ती टेक्स्ट फाइल उचलली, तिची टीसीपी केली आणि मूळ फाइल पुसली. टीसीपी म्हणजे संकलित केलेला प्रोग्राम. तो चालतो, पण वाचता येत नाही, आणि एखाद्या लायसन्सच्या सीरियल नंबरला बांधून ठेवता येतो. लिहिलेल्या कोडची चोरी होते हे मला मान्य आहे; एकाने रात्र जागून लिहावे आणि दुसऱ्याने पेनड्राइव्हवर नेऊन विकावे, हे मी पाहिले आहे. पण इथे दुसऱ्याचे लिहिलेले याने बंद केले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. पुढच्याच वर्षी त्याने फाइलीत मुदत घातली, न सांगता. ती संपली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. सोसायट्यांचे ताळेबंद, आमचे साठ्याचे मोजमाप, सगळे त्या आठवड्यात. रिपोर्ट बंद, फोन केला तर वार्षिक देखभालीचे बिल आधी. मी त्या माणसाला तेव्हा जे बोललो त्यातला एकही शब्द आज मागे घेत नाही.

त्याच्या हातून झालेले दुसरे नुकसान जास्त खोल होते. टॅलीत अशी स्वतःची जागा बनवताना तिला एक क्रमांक द्यावा लागतो, यूडीएफचा क्रमांक. भरलेली माहिती त्या क्रमांकाखाली व्हाउचरसोबत साठते. फाइल काढली तरी माहिती आत असते, फक्त दिसत नाही. पण दुसऱ्या फाइलीने वेगळा क्रमांक धरला की जुनी माहिती अनाथ होते, आणि दोन फाइलींनी एकच क्रमांक धरला की एकाची माहिती दुसऱ्याच्या जागेत उमटू लागते. त्याने वाहतुकीच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची फाइल आमच्या फाइलीत मिसळली आणि क्रमांक बदलले. त्या दिवसाआधीच्या बिलांवर बोटीची जागा रिकामी दिसू लागली. वहीत नोंद करायला सांगितली तर म्हणाला, त्याची गरज नसते.

पुढची दहा वर्षे मला भराभर ओलांडावीशी वाटतात. नोटबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी, त्याच दिवशी मुंबईचा बंद झालेला जकात नाका, करोनाच्या वर्षात नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली टॅलीप्राइम. प्रत्येक वेळी सरकारी काम नव्या रिलीजने झाले, आणि प्रत्येक वेळी आमची फाइल कशीबशी ठाकठीक करून चढवली गेली. मूळ फॉर्मची नावे आणि रचना नव्या आवृत्तीत बदलली की # लावलेल्या ओळींना जोडायला जागा सापडत नाही. यात टॅली बनवणाऱ्यांचा दोष मी मानत नाही. टेक्स्ट फाइल हाताशी असती तर जाणत्या माणसाने दुपारभरात दुरुस्त केली असती.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना कायद्याने असे सॉफ्टवेअर वापरावे लागते की ज्यात प्रत्येक नोंदीतला बदल, कधी झाला त्यासकट, पुसता न येता राहील. हिशेबातला आकडा कोणी बदलला हे आता लपत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हिशेब मांडणारा प्रोग्राम कोणी, कधी, का बदलला, याची नोंद कुठल्याच लेखापरीक्षकाने माझ्याकडे आजवर मागितलेली नाही. विक्रोळीच्या मुलाची ती वही मागणारा एकही भेटला नाही.

सप्टेंबरनंतर दोन महिने सून बोटीचा नंबर शेऱ्यात टाइप करत होती. शेऱ्यात लिहिलेले बेरजेला येत नाही, आणि हंगाम तर ऑगस्टपासून चालू होता, वसुली दारात होती. नवी फाइल करून देण्याच्या चौकशीला आलेल्या दोन संस्थांच्या मुलांनी मोबाइलवर रंगीत आलेख दाखवले, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर कसे जाते ते दाखवले. बंदीच्या महिन्यांतली उधारी कशी मोजता, हे एकानेही विचारले नाही. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामामुळे समुद्रात जाणे अवघड होत चालल्याचे कोळीवाड्यातले लोक सांगतात. अशा दिवसांत कोणाला किती थांबायचे आणि कोणाकडे तगादा लावायचा, हे त्या रिपोर्टवर ठरत होते.

शेवटी ओळखीच्या एका विद्यार्थ्याला घेऊन बसलो. जुन्या बॅकअपमधली व्हाउचरे एक्सएमएलमध्ये बाहेर काढली. फाइल चढलेली नसली तरी यूडीएफची माहिती त्यात येते, नावाशिवाय, पण क्रमांक आणि प्रकारासकट. दोन वेगवेगळ्या क्रमांकांखाली बोटीच सापडल्या, २०१० आधीच्या एकाखाली आणि नंतरच्या दुसऱ्याखाली. म्हणजे काहीच गेलेले नाही. कोणी लिहून देणारा मिळाला, तर दोन्ही वाचणारी फाइल होऊ शकते.

त्यासाठी मी एका पानाचा मसुदा केला आहे आणि तो मान्य केल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही, असे मालकाला पटवले आहे. कोडची टेक्स्ट प्रत दुकानात राहील. यूडीएफच्या क्रमांकांची यादी कागदावर सही करून मिळेल. फाइलीत मुदत नसेल. प्रत्येक बदल वहीत चढेल. दोघांनी मसुदा वाचून नकार दिला. तिसऱ्याने जवळपास दुप्पट पैसे मागितले आणि टेक्स्ट प्रत द्यायला हो म्हणाला. पैसे द्या, असे मी मालकाला सांगितले आहे.