टेस्ट हिरवी, वेलांटी भलतीकडे

नेटिव्ह लायब्ररी सापडली नाही तर प्रोग्राम बोंब मारतो आणि टेस्ट लाल होते. हे चांगलं लक्षण आहे. खरी पंचाईत होते ती लायब्ररी नसतानाही प्रोग्राम गुपचूप दुसऱ्या मार्गाने काम उरकतो तेव्हा. मराठी अक्षरं चित्रात उमटवणाऱ्या कोणत्याही कोडला हा धोका असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पायथॉनमध्ये आपण 'पिलो' हे पॅकेज वापरतो तेव्हा सगळं काम पायथॉन करत नाही. अक्षराचा आकार फॉन्टमधून काढतं फ्रीटाइप. कोणती अक्षरं जोडायची, काना-मात्रा-वेलांटी कुठे बसवायची, हे ठरवतं हार्फबझ. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींचा क्रम लावतं फ्रिबिडी. शेवटच्या दोघांना एकत्र बांधून पिलोच्या हाती देणारी लायब्ररी म्हणजे रक्म. या सगळ्या सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या, विशिष्ट प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कंपाइल केलेल्या फाइली आहेत. नेटिव्ह म्हणतात ते त्यांनाच. 'रक्म' हा अरबी शब्द. आपली 'रक्कम' त्याच घरातली. मी राहते त्या दुबईतल्या अल बर्शात मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंत पाट्या अरबी आणि इंग्रजीत असतात, त्यामुळे इथे फ्रिबिडीचं काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण मराठी तर डावीकडून उजवीकडे जाते. मग तिला फ्रिबिडी कशाला?

ग्यानबाची मेख इथेच आहे. २०२१ साली आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून पिलोच्या तयार पॅकेजमध्ये रक्म आणि हार्फबझ आतच येतात, पण फ्रिबिडी येत नाही. ती प्रोग्राम चालू असताना मशीनवर शोधली जाते. सापडली नाही तर रक्म बंद, आणि रक्मबरोबर हार्फबझही. लेआउट कोणता हवा ते आपण सांगितलं नसेल, तर पिलो कुरबुर न करता साध्या लेआउटवर उतरतं. तिथे अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकामागून एक ठेवली जातात. 'दिवाळी'तली पहिली वेलांटी 'द'च्या मागे न बसता पुढे सरकते आणि 'व'ची असल्यासारखी दिसते. 'क्ष' जोडला जात नाही, रफार वर चढत नाही.

आणि टेस्ट? चित्र तयार झालं, रुंदी शून्यापेक्षा जास्त आहे, फाइल उघडते. हिरवी! त्यात नमुन्याचा शब्द 'मराठी' असेल तर डोळ्यांनाही काही खटकणार नाही, कारण त्यात ना जोडाक्षर आहे, ना पहिली वेलांटी.

ओसीआर शिकवण्यासाठी आपण अशी हजारो कृत्रिम चित्रं बनवतो. चित्रात मोडकी अक्षरं आणि लेबलमध्ये शुद्ध मजकूर, अशी जोडी मॉडेलला मिळाली की ते कोणत्याही पुस्तकात नसलेलं मराठी वाचायला शिकतं. दोष मग मॉडेलच्या माथी मारला जातो, लॅपटॉपवर नसलेल्या एका फाइलच्या नाही.

यावर चार उपाय आहेत.

पहिला: टेस्टची दोन गटांत विभागणी करा. ओळी तोडणं, फाइलींना नावं देणं, लेबल लिहिणं यांना नेटिव्ह लायब्ररी लागत नाही. तिथे चित्र काढणाऱ्या भागाच्या जागी खोटा, बनावट भाग बसवा. पण अक्षरजुळणीच्या टेस्टमध्ये बनावट काही चालणार नाही. तिथे जे तपासायचं तेच लायब्ररी करते.

दुसरा: लायब्ररी हजर आहे का ते सुरुवातीलाच विचारा. पिलोच्या 'फीचर्स' मॉड्यूलमध्ये रक्मची चौकशी करायची सोय आहे. उत्तर नकारार्थी असेल तर लॅपटॉपवर टेस्ट कारण छापून वगळू द्या, सामायिक सर्व्हरवर मात्र ती नापासच व्हायला हवी. दोन्हीकडे वगळली तर ती कुठेच चालत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

तिसरा: नमुन्याचे शब्द पारखून घ्या. 'किल्ला', 'सर्व', 'स्त्री', 'दऱ्या' घ्या. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्राइतका फरक आहे! आकड्यांत तपासायचं असेल तर नोटो सान्स देवनागरीसारखा एक फॉन्ट टेस्टसोबतच ठेवा आणि 'क्ष'ची रुंदी 'क' अधिक 'ष' यांच्या बेरजेपेक्षा कमी आहे ना ते बघा. साध्या लेआउटमध्ये ती कमी होत नाही. चित्रं बिंदू न् बिंदू ताडून पाहू नका. फ्रीटाइपची आवृत्ती बदलली तरी कडा किंचित हलू शकतात.

चौथा: मशीन लिहून ठेवा. उबुंटूवर फ्रिबिडी ॲप्टने येते, मॅकवर होमब्रूने. विंडोजवर तिची डीएलएल फाइल सिस्टिम शोधते त्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मॅकवर आणखी एक अडचण: पायथॉन इंटेलसाठीचा आणि लायब्ररी एम१ साठीची असेल तर फाइल असूनही लोड होत नाही. सगळ्यांचा सेटअप एक ठेवायचा तर डॉकर बरा, पण छोट्या इमेजमध्ये फ्रिबिडी असेलच असं धरून चालू नका. डॉकरफाइलमध्ये तिचं नाव स्पष्ट लिहा.

आज तुमच्या प्रोजेक्टमध्ये एकच गोष्ट करून पाहा: फ्रिबिडी मुद्दाम काढा आणि टेस्ट चालवा. सगळं हिरवंच राहिलं, तर तुमच्या टेस्ट अजून मराठी तपासत नाहीत.