स्तंभनदोष : हृदयविकाराची आगाऊ सूचना

चाळिशी-पन्नाशीतील पुरुषाला लिंगाची ताठरता येण्यात किंवा टिकण्यात वारंवार अडचण येऊ लागली, की तो वयाला किंवा कामाच्या ताणाला दोष देतो आणि गप्प राहतो. हा संकोच महागात पडू शकतो. कारण या तक्रारीचे मूळ अनेकदा रक्तवाहिन्यांच्या विकारात असते आणि हाच विकार पुढे हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची क्रिया आहे. उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते. त्यामुळे धमन्यांचे स्नायू सैलावतात व रक्ताचा ओघ वाढतो. रक्तवाहिन्यांवरील या वायूच्या परिणामाचा उलगडा करणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले.

मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांमुळे हे अस्तर दुबळे होते आणि धमन्यांत चरबीचे थर साचू लागतात. लिंगातील धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, तर हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर असतो. त्यामुळे अरुंद धमनीतील अडथळा आधी जाणवतो. छातीत दुखू लागण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे स्तंभनदोष दिसल्याची अनेक रुग्णांच्या बाबतीत नोंद आहे.

अर्थात, प्रत्येक स्तंभनदोष हृदयविकाराकडेच बोट दाखवतो असे नाही. मानसिक ताण, नैराश्य, संप्रेरकांची कमतरता, मद्यपान व काही औषधे हीदेखील कारणे असतात. तक्रार अचानक उद्भवली आणि पहाटेची ताठरता कायम असली, तर कारण बहुधा मानसिक असते. ती हळूहळू वाढत गेली, तर रक्तवाहिन्यांची शंका घ्यावी.

अशा वेळी रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. हृदयाच्या पुढील तपासण्यांची गरज डॉक्टर ठरवतील. परस्पर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेणे धोक्याचे आहे. छातीदुखीसाठी नायट्रेट वर्गातील औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो. शिवाय गोळीने तक्रार तात्पुरती दबते, धमनीतील विकार मात्र तसाच राहतो.

तंबाखू सोडणे, नियमित चालणे, वजन व साखर आटोक्यात ठेवणे हे उपाय दोन्ही व्याधींवर लागू पडतात. डॉक्टरांशी वेळीच केलेली मोकळी चर्चा पुढचा हृदयविकाराचा झटका टाळू शकते.